धक्का, होड्या आणि मागे राहिलेले

गेल्या वीकांताला पुन्हा एकदा 'डंकर्क' बघितला. क्रिस्टोफर नोलनचा, २०१७ सालचा. थिएटरात पाहिला होताच, पण यावेळी घरी, पाय पसरून, आठवीतल्या लेकीला शेजारी बसवून. शेवटाकडे त्या छोट्या छोट्या होड्या समुद्रात दिसायला लागतात तेव्हा माझ्या घशात नेमाने आवंढा येतो. यावेळीही आला. लेक मात्र ठणठणीत कोरडी! म्हणाली, "बाबा, एका होडीत वीस माणसं धरली तरी तीन लाख माणसांना किती खेपा लागतील? गणित बसत नाहीये."

मी मनातल्या मनात भागाकार केला. पंधरा हजार खेपा. तेही वरून बाँब पडत असताना. खरंच की, बसत नाहीये!

आता गंमत अशी, की मी स्वतः लहानपणापासून हीच गोष्ट ऐकत आणि सांगत आलोय. फ्रान्सच्या किनाऱ्यावर अडकलेलं सैन्य, आणि त्यांना आणायला इंग्लंडहून निघालेले कोळी, हौशी नावाडी, टेम्स नदीतल्या सहलीच्या बोटी. गोष्ट इतकी सुंदर आहे की तिचा हिशोब तपासावा असं कधी डोक्यातच आलं नाही. तर मंडळी, रविवारची दुपार, चहाचा मोठा मग, दोन-तीन जाडजूड पुस्तकं, आणि समोर एक्सेल. (आयटीवाल्याला दुःख झालं तरी तो एक्सेल उघडतो आणि आनंद झाला तरीही.) त्यातून जे हाती लागलं ते इथे मांडतोय. लेख जरा लांबणार आहे, आधीच सांगून ठेवतो.

पिशवीत सापडलेलं सैन्य

आधी थोडी पार्श्वभूमी. ज्यांना माहीत आहे त्यांनी खुशाल उडी मारावी.

१० मे १९४० ला जर्मनीने हॉलंड, बेल्जियम, लक्झेंबर्ग आणि फ्रान्सवर एकदम हल्ला चढवला. त्याच दिवशी लंडनमध्ये चर्चिल पंतप्रधान झाला. फ्रेंच आणि ब्रिटिश सेनापतींचा अंदाज असा, की जर्मन मुख्य फौज १९१४ सारखीच बेल्जियममधून येणार. म्हणून त्यांनी आपलं सगळ्यात चांगलं सैन्य बेल्जियममध्ये पुढे पाठवलं. जर्मनांनी खरा घाव घातला तो दक्षिणेकडे, आर्देनच्या डोंगराळ जंगलातून. रणगाडे तिथून येऊच शकणार नाहीत अशी फ्रेंचांची जवळजवळ खात्री होती. १३ मे ला जर्मनांनी सेदानपाशी म्यूझ नदी ओलांडली आणि २० मे ला आबव्हिलच्या पुढे जाऊन थेट समुद्र गाठला. दहा दिवसांत खेळ खल्लास! बेल्जियममध्ये पुढे गेलेलं सैन्य आता पिशवीत सापडलं होतं. तीन बाजूंनी जर्मन आणि पाठीशी समुद्र.

पुढच्या पाच-सहा दिवसांत बुलोन गेलं, कॅले गेलं. हाताशी मोठं असं बंदर उरलं एकच, डंकर्क.

इथे दोन हुकूम महत्त्वाचे. पहिला जर्मनांचा. २४ मे ला त्यांनी आपले रणगाडे थांबवले, आणि ते पुन्हा निघायला २७ तारीख उजाडली. का थांबवले यावर गेली ऐंशी वर्षं भांडणं चालू आहेत. रणगाडे दमले होते, पुढची जमीन दलदलीची होती, उरलेल्या फ्रान्सच्या लढाईसाठी ते राखून ठेवायचे होते, शिवाय 'हे काम माझी विमानंच करतील' अशी गोरिंगची बढाई होती. बहुधा सगळंच थोडं थोडं खरं. दुसरा हुकूम ब्रिटिश सेनापती लॉर्ड गॉर्टचा. २५ मे च्या संध्याकाळी त्याने दक्षिणेकडे हल्ला करायचा बेत स्वतःच्या जबाबदारीवर रद्द केला, आणि त्यासाठी राखलेल्या दोन डिव्हिजन उत्तरेला, बेल्जियन फळीला पडणारं भगदाड बुजवायला पाठवल्या. तीन दिवसांत बेल्जियमने शरणागती पत्करली. गॉर्टने तो निर्णय घेतला नसता तर समुद्राकडे जायची वाटच बंद झाली असती.

२६ मे ला संध्याकाळी ६ वाजून ५७ मिनिटांनी 'ऑपरेशन डायनॅमो' सुरू करायचा आदेश निघाला. सूत्रं होती व्हाइस अॅडमिरल बर्ट्रम रॅमसेकडे. त्याचं ठाणं डोव्हरच्या किल्ल्याखाली, पांढऱ्या खडूच्या कड्यात खोदलेल्या बोगद्यांत. अपेक्षा काय होती माहीत आहे? दोन दिवसांत जमलं तर ४५ हजार माणसं. त्यानंतर शत्रू काही करू देईल असं कुणालाच वाटत नव्हतं.

याच तीन दिवसांत, २६ ते २८ मे, लंडनमध्ये युद्ध मंत्रिमंडळात वेगळाच वाद चालू होता. मुसोलिनीच्या मध्यस्थीने तहाची शक्यता तरी चाचपून बघावी का? परराष्ट्रमंत्री हॅलिफॅक्स म्हणत होता बघावी, चर्चिल म्हणत होता अजिबात नको. चर्चिलचं म्हणणं टिकलं. पण ते टिकलं त्या २८ तारखेच्या रात्रीपर्यंत डंकर्कहून सुटलेली माणसं होती जेमतेम पंचवीस हजार. म्हणजे पुढचं सगळं या एका गोष्टीवर टांगलेलं होतं, की दिवसाला किती माणसं समुद्रापार जातात.

किनारा मोठा, पण चढायचं कुठून?

आता मूळ प्रश्न. माणसं समुद्रावर आहेत, जहाजं समुद्रात आहेत, मग अडचण कुठे?

अडचण मधल्या अर्ध्या मैलात. डंकर्कच्या पूर्वेला मालो-ले-बँ, ब्रे-ड्यून आणि पुढे बेल्जियममधलं ला पान असा मैलोन् मैल वाळूचा किनारा आहे. सपाट आणि अतिशय उथळ. ओहोटीला पाणी इतकं मागे हटतं की मोठी जहाजं लांबच उभी राहतात. मग माणसं गळ्याइतक्या पाण्यात रांगा लावून उभी. वल्ह्यांची होडी येणार, पंचवीस-तीस जण कसेबसे चढणार, होडी जहाजापर्यंत जाणार, ओले आणि थकलेले शिपाई दोराच्या जाळ्यावरून वर चढणार, आणि होडी परत. कधी घाईत सगळे एकाच बाजूने चढल्यामुळे होडी उलटायची. कधी सैनिक जहाजावर चढून मोकळे व्हायचे आणि रिकामी होडी तशीच वाहून जायची, कारण तिला परत न्यायला कुणी नाविकच नसायचा. एक विनाशिका भरायला तासन् तास लागत, आणि तोवर ती वरच्या विमानांसाठी आयती उभी.

हे वाचताना मला आमच्या आजीची आठवण झाली. मुंबईहून कोकणात बोटीने जायचे ते दिवस. आगबोट लांब खोल पाण्यात थांबायची आणि पडावातून माणसं बंदरात आणायचे. आजी म्हणायची, "बोटीचं काही नाही रे, त्या पडावात उतरायचंच भ्याव." शांत समुद्रात, दिवसाढवळ्या, ट्रंका सांभाळत उतरणाऱ्या माणसांची ही कथा. मग डंकर्कची काय असेल!

बरं, मग बंदर का नाही वापरायचं? कारण बंदर उरलंच नव्हतं. जर्मन विमानांनी आतले धक्के फोडले होते, तेलाच्या टाक्या पेटल्या होत्या, त्यांचा काळा धूर दिवसचे दिवस शहरावर होता. पहिल्या दिवशी म्हणून जी नोंद आहे ती ७,६६९ माणसांची. या वेगाने तीन लाख माणसं हलवायला सव्वा महिना लागला असता.

२७ मे ला संध्याकाळी कॅप्टन विल्यम टेनंट हा नौदल अधिकारी किनाऱ्यावरची व्यवस्था बघायला डंकर्कला उतरला. त्याने बंदर बघितलं, किनारा बघितला, आणि त्याची नजर गेली बंदराच्या तोंडाशी असलेल्या दोन लांबलचक भिंतींवर. लाटा आणि गाळ अडवण्यासाठी समुद्रात काढलेल्या भिंती. त्यातली पूर्वेकडची किलोमीटरभरापेक्षा लांब. काँक्रीटच्या खांबांवर वर लाकडी फळ्यांची वाट, कशीबशी चार माणसं शेजारी शेजारी चालतील इतकी रुंद. जहाज बांधायला ती बनवलेलीच नव्हती. खालून पाण्याचा जोरदार ओढा, वर नुसता कठडा, आणि भरती-ओहोटीत पंधरा फुटांच्या आसपास फरक. पण तिच्या टोकाशी पाणी खोल होतं आणि जर्मनांनी तिच्याकडे अजून लक्ष दिलं नव्हतं.

त्या रात्री टेनंटने 'क्वीन ऑफ द चॅनल' नावाची प्रवासी बोट तिथे लावून बघितली. लागली! नऊशेहून जास्त माणसं चालत जाऊन चढली. (ही बोट परतीच्या वाटेवर सकाळी बाँबने बुडाली, तिच्यावरच्या लोकांना दुसऱ्या जहाजाने उचललं.) मग टेनंटने विनाशिका धक्क्याला बोलवायला सुरुवात केली. जे काम किनाऱ्यावर तासन् तास चालायचं ते इथे तासाभराच्या आत व्हायला लागलं. ओहोटी असली की शिड्या आणि फळ्या टाकून खाली उतरायचं, भरती असली की सरळ पाय टाकायचा.

आमच्या धंद्यात या गोष्टीला 'बॉटलनेक' म्हणतात. बाटली कितीही मोठी घ्या, पाणी येणार ते गळ्याच्या मापाने. डंकर्कला जहाजं कमी पडली, ती नंतर. आधी कमी पडली ती जहाजावर पाय ठेवायची जागा.

आकडे काय म्हणतात

आता तो तक्ता. प्रत्येक दिवशी इंग्लंडला पोचलेली माणसं, आधी किनाऱ्यावरून उचललेली, मग बंदरातून (म्हणजे मुख्यतः त्या धक्क्यावरून):

२७ मे : किनारा ०, बंदर ७,६६९
२८ मे : किनारा ५,९३०, बंदर ११,८७४
२९ मे : किनारा १३,७५२, बंदर ३३,५५८
३० मे : किनारा २९,५१२, बंदर २४,३११
३१ मे : किनारा २२,९४२, बंदर ४५,०७२
१ जून : किनारा १७,३४८, बंदर ४७,०८१
२ जून : किनारा ६,६९५, बंदर १९,५६१
३ जून : किनारा १,८७०, बंदर २४,८७६
४ जून : किनारा ६२२, बंदर २५,५५३

बेरीज मारून बघा. किनारा ९८,६७१, बंदर २,३९,५५५. एकूण ३,३८,२२६. म्हणजे दहातली सात माणसं बंदरातून गेली. लेकीचं गणित बसलं!

पण तक्त्यात एक ओळ खटकते की नाही? ३० मे. हा एकच दिवस, जेव्हा किनाऱ्याचा आकडा बंदराच्या वर गेला. मला आधी वाटलं, चला, होड्या पोचल्या, म्हणून किनारा वाढला. ते अर्धं खरं आहे. होड्या येऊ लागल्या होत्याच, शिवाय सैनिकांनी ओहोटीच्या वेळी आपल्या लष्करी गाड्या एकामागे एक वाळूत उभ्या करून, वर फळ्या टाकून, तात्पुरते धक्के बनवले होते. जुगाड म्हणतात तो हाच. पण मग बंदराचा आकडा का पडला? आदल्या दिवशी ३३ हजार, पुढच्या दिवशी ४५ हजार, आणि मध्येच २४?

झालं असं, की २९ मे ला दुपारनंतर धक्क्यावर मोठा हवाई हल्ला झाला. 'ग्रेनेड' ही विनाशिका आणि आणखी जहाजं गेली. त्या गोंधळात डोव्हरला फोनवरून निरोप पोचला, की बंदर बंद पडलंय, जहाजांनी अडलंय. निरोप चुकीचा होता. धक्क्याला भोकं पडली होती, पण तो उभा होता. जळतं 'ग्रेनेड' वाटेतून बाजूला ओढलं गेलं होतं. पण रॅमसेला समुद्रापलीकडून ते दिसणार कसं? त्याने येणारी सगळी जहाजं किनाऱ्याकडे वळवली. ती रात्रभर धक्का जवळजवळ रिकामा राहिला आणि माणसं तिथे वाट बघत उभी. त्यातच विनाशिका फार जायला लागल्या म्हणून नौदल मुख्यालयाने नव्या, मोठ्या विनाशिका काढून घेतल्या. रॅमसेने दुसऱ्या दिवशी भांडून त्या परत मिळवल्या.

ही हकिकत वाचून मला जरा घाम फुटला. काही वर्षांपूर्वी एका रात्री आम्ही एक रिलीज करत होतो. मध्यरात्रीनंतर आमच्यातल्या एकाने कळवलं, "मुख्य सर्व्हर गेला!" मी काही न तपासता सगळी वाहतूक राखीव सर्व्हरवर वळवली. तो बिचारा लहान, त्याने मान टाकली. मुख्य सर्व्हर ठणठणीत होता, निरोप देणाऱ्याचं घरचं इंटरनेट गेलं होतं. आमचं काय गेलं? दोन तास आणि थोडी अब्रू. रॅमसेचं जे गेलं ते माणसांत मोजायचं होतं, आणि तरी त्याला दोष देववत नाही. अर्धवट निरोपावर निर्णय घ्यायचाच होता, आणि त्याने घेतला.

मग होड्यांचं काय?

आता होड्यांना मोडीत काढायचा माझा अजिबात बेत नाही. किनाऱ्यावरून गेलेली ती ९८ हजार माणसं होड्यांशिवाय जाऊच शकली नसती. पण त्यांचं काम बहुतांशी उथळ पाण्यातून मोठ्या जहाजांपर्यंत ने-आण करण्याचं. समुद्र पार केला तो मुख्यतः विनाशिकांनी आणि एरवी इंग्लिश खाडीत प्रवासी वाहून नेणाऱ्या बोटींनी. शिवाय बऱ्याच होड्या नौदलाने ताब्यात घेतल्या होत्या आणि त्यांवर नौदलाचेच लोक होते. मालक स्वतः गेले असे थोडे. त्यातला एक मात्र सांगायलाच हवा. चार्ल्स लाइटोलर, 'टायटॅनिक'वरचा वाचलेला सर्वांत वरिष्ठ अधिकारी. वय ६६. १ जूनला आपली 'सनडाउनर' घेऊन तो मुलासोबत गेला आणि अठ्ठावन्न फुटी बोटीत सव्वाशेहून जास्त सैनिक कोंबून आणले.

मग गोष्ट होड्यांचीच का उरली? माझ्या मते, कारण ती सांगायची गरज होती. ५ जूनला लेखक जे. बी. प्रीस्टलीने रेडिओवर सहलीच्या साध्यासुध्या बोटींचं कौतुक केलं, आणि देशाने ते उचलून धरलं. सैन्य हरून परत आलंय हे सांगण्यापेक्षा लोकांनी जाऊन आपली पोरं घरी आणली हे सांगणं त्या आठवड्यात जास्त उपयोगाचं होतं. खोटं नव्हतं ते. दहातल्या तीन भागांचं खरं होतं.

धक्क्याची गोष्ट सांगायला कुणी रेडिओवर गेलं नाही. जेम्स क्लाउस्टन हा मूळचा कॅनडाचा नौदल अधिकारी त्या लाकडी वाटेवर दिवसचे दिवस उभा राहून रांगा लावत होता. कुठलं जहाज कुठे लागेल, किती माणसं सोडायची, कधी धावायचं, कधी थांबायचं. २ जूनला डोव्हरला जाऊन तो पुन्हा डंकर्कला निघाला. वाटेत विमानांनी त्याची लाँच बुडवली आणि तो समुद्रातच गेला.

सगळ्यात शेवटी कोण निघालं?

मी हे सगळं रात्री जेवताना लेकीला सांगितलं. ती खूश झाली, गणित बसल्याबद्दल. मग वरणाचा वाडगा पुढे ओढत म्हणाली, "मग सगळ्यात शेवटी कोण निघालं?"

पुस्तकी उत्तर सोपं आहे. ४ जून १९४० ला पहाटे ३ वाजून ४० मिनिटांनी 'शिकारी' ही विनाशिका (हो, नाव आपलंच!) धक्क्यावरून निघाली. ती शेवटची. पण लेकीने विचारलेला प्रश्न तो नव्हता, हे मला हात धुताना कळलं. नऊ दिवस रांगा लागल्या, तेवढे दिवस जर्मनांना कुणी अडवून धरलं?

कॅलेमधल्या ब्रिटिश तुकड्यांना स्पष्ट कळवलं होतं, की तुम्हाला न्यायला कुणी येणार नाही, लढत राहा. २६ मे ला कॅले पडलं. लीलमध्ये फ्रेंच पहिल्या आर्मीचा मोठा भाग वेढला गेला. पस्तीस-चाळीस हजार माणसं ३१ मे पर्यंत लढली आणि त्यांनी सात जर्मन डिव्हिजन गुंतवून ठेवल्या. ते शरण आले तेव्हा जर्मनांनी त्यांना सन्मानाने संचलन करू दिलं. सगळीकडे असं झालं नाही. २७ मे ला ल पारादी इथे शरण आलेल्या ९७ ब्रिटिश सैनिकांना एसएसच्या लोकांनी भिंतीपाशी उभं करून मारलं, दुसऱ्या दिवशी वोर्मूट इथे तसंच.

डंकर्कच्या भोवतीची शेवटची फळी कालव्यांच्या काठाने होती, पूर्वेला ब्रिटिश, पश्चिमेला फ्रेंच. १ जूनला बेर्गच्या कालव्यावर कॅप्टन हॅरल्ड अर्विन-अँड्र्यूज गवताने शाकारलेल्या कोठाराच्या छपरावर चढून गोळीबार करत राहिला. कोठार पेटलं, दारूगोळा संपला, तेव्हा उरलेल्या आठ जणांना घेऊन तो मैलभर हनुवटीपर्यंतच्या पाण्यातून मागे आला. त्याला व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला.

आणि जखमी? झोपवून न्यायचा एक जखमी अनेक उभ्या माणसांची जागा घेतो, म्हणून हुकूम झाला, आधी चालू शकणारे. २ जूनला दोन इस्पितळ-जहाजं निघाली होती. उघड संदेश पाठवून शत्रूला कळवलंही होतं. एकीला हल्ल्यामुळे परतावं लागलं, दुसरी बुडाली. मग रोझेंदालच्या इस्पितळात ठरलं, दर शंभर जखमींमागे एक डॉक्टर अधिकारी आणि दहा माणसं मागे राहतील. कोण राहणार? चिठ्ठ्या टाकल्या. ज्यांच्या चिठ्ठ्या निघाल्या ते समुद्र दिसत असताना तिथेच थांबले आणि जखमींबरोबर कैदेत गेले.

फ्रेंचांबद्दलही सांगायला हवं. सुरुवातीला ब्रिटिश जहाजांवर ब्रिटिशांनाच जागा मिळत होती. ३१ मे ला चर्चिलने पॅरिसमध्ये सांगितलं, दोघं हातात हात घालून जातील. २ जूनला रात्री साडेअकराला टेनंटने डोव्हरला संदेश धाडला, की ब्रिटिश फौज निघाली. तरीही दमलेली जहाजं पुढच्या रात्री फ्रेंचांसाठी परत गेली. एकूण ३,३८,२२६ मध्ये सुमारे १,४०,००० ब्रिटिश नव्हते, त्यातले बहुतेक फ्रेंच. पण 'शिकारी' निघाली तेव्हा पस्तीस ते चाळीस हजार फ्रेंच सैनिक मागे उरले. त्यात ते होते जे शेवटच्या रात्रीपर्यंत फळी धरून होते. ते धक्क्यापाशी येईस्तोवर मागे दडून बसलेली माणसं आधीच जहाजांवर चढलेली होती. आणि जे फ्रेंच सुटले त्यांच्यातल्या बहुतेकांना काही दिवसांतच पुन्हा फ्रान्समध्ये लढायला उतरवलं. दोन-तीन आठवड्यांत फ्रान्स शरण आला.

मुंबईहून गेलेली खेचरं

एक धागा आपल्याकडचाही आहे. डिसेंबर १९३९ मध्ये मुंबईहून 'के-सिक्स' नावाची तुकडी फ्रान्सला निघाली. रॉयल इंडियन आर्मी सर्व्हिस कोअरच्या चार खेचर-कंपन्या. माणसं बरीचशी पंजाबी मुसलमान. ब्रिटिशांनी आपलं सैन्य मोटारींवर चढवून खेचरं मोडीत काढली होती, आणि चिखल-बर्फात मोटारी अडल्यावर त्यांना खेचरं आठवली! चारपैकी तीन कंपन्यांची माणसं डंकर्कहून सुटली, चौथी फ्रेंचांच्या मदतीला वेगळ्या आघाडीवर होती, ती जर्मनांच्या हाती लागली. जमादार मौला दाद खान याने जमिनीवरून आणि आकाशातून मारा चालू असताना आपली माणसं आणि जनावरं डंकर्कच्या दिशेने सुखरूप आणली. त्याबद्दल त्याला पदकही मिळालं. जनावरं मात्र मागे राहिली. पाच महिने ज्यांना चारलं, खरारा केला, त्यांचे दोर दुसऱ्याच्या हाती देऊन निघायचं. २०१७ च्या चित्रपटात ही माणसं दिसत नाहीत यावरून तेव्हा वाद झाला होता. मला तो वाद रास्त वाटला.

हिशोब

४ जूनला चर्चिल पार्लमेंटमध्ये म्हणाला की सैन्य माघारी आणून युद्धं जिंकता येत नाहीत. त्याला कळत होतं. मागे अडीच हजारांच्या आसपास तोफा आणि सुमारे ६४ हजार गाड्या टाकून आले होते. सहा ब्रिटिश विनाशिका बुडाल्या होत्या. त्यातल्या 'वेकफुल'वर तर डेकखाली झोपलेले सहाशेहून जास्त सैनिक होते आणि ती काही सेकंदांत गेली. पण प्रशिक्षित माणसं घरी आली होती. तोफा कारखान्यात बनतात, हवालदार बनायला वर्षं लागतात. त्या माणसांच्या भोवतीच पुढचं सैन्य उभं राहिलं. रॅमसेने १९४४ मध्ये नॉर्मंडीला जाणाऱ्या ताफ्याची आखणी केली.

आणि डंकर्क म्हणजे शेवटही नव्हता. १२ जूनला सँ-व्हालेरीला एक्कावन्नाव्या हायलँड डिव्हिजनचे दहा हजारांहून जास्त सैनिक शरण गेले. त्यांनाही जहाजं न्यायला येणार होती, धुक्यामुळे ती किनाऱ्याला लागू शकली नाहीत. १७ जूनला सँ-नाझेरपाशी 'लँकास्ट्रिया' बुडालं आणि किमान तीन हजार माणसं गेली. ती बातमी चर्चिलने दाबून ठेवली. लोकांना अजून एक धक्का सोसणार नाही असं त्याला वाटलं. होड्यांची गोष्ट सांगितली गेली आणि ही नाही. दोन्ही त्याच जून महिन्यातल्या.

लेकीला मी हे सगळं एका दमात नाही सांगितलं. चिठ्ठ्यांचं सांगितलं. ती थोडा वेळ गप्प बसली. मग म्हणाली, "त्या एक्सेलमध्ये अजून एक कॉलम कर. मागे राहिलेले." केला. लील, कॅले, रोझेंदाल, शेवटच्या रात्रीचे फ्रेंच... काही रकान्यांत आकडे भरले, काही तसेच आहेत. पण आता ३,३८,२२६ हा आकडा त्या कॉलमशिवाय माझ्याच्याने वाचवत नाही. डावीकडचा आकडा उजवीकडच्यांनी दिलाय.

असो. फारच लांबलं. चहा गार झालाय आणि उद्या सकाळी नऊला मीटिंग आहे. आवंढ्याचं म्हणाल, तर पुढच्या वेळी 'डंकर्क' बघताना होड्या दिसल्या की तो येईलच. पण बहुतेक धक्का दिसल्यावर आधी येईल.